परराज्यात घर बघताना पाणी पण विचारा आणि शेजार पण

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जून आला की आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात दर गल्लीत एखादं तरी घर सामान बांधताना दिसतं. कुणाच्या पोराला हैदराबादला जॉब लागलाय, कुणाच्या जावयाची चेन्नईला बदली झालीय, कुणी बडोद्याला कंपनीत चाललाय. आणि घरात चर्चा काय होते तर पॅकेज किती, कंपनीची बस आहे का, आणि सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "तिकडं आपली मराठी माणसं आहेत की नाहीत?" हा प्रश्न आपल्याकडं का येतो ते मला चांगलं कळतं, १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं तेव्हापासून शेताचा उतारा, लाइट बिल, पंचायतीची नोटीस सगळं कन्नडमध्ये वाचत आपण आलोय, म्हणून घर सोडताना पहिली काळजी भाषेचीच वाटते. पण त्या गावात पाणी कुठपर्यंत चढतं, उन्हाळा किती कडक असतो, वादळ कुठल्या महिन्यात येतं, हे विचारताना मी फार कमी लोक बघितलेत. माझ्या मुलीच्या घरी यंदा हाच विषय झाला, जावयांना चेन्नई, हैदराबाद आणि बडोदा असे तीन पर्याय होते, त्यामुळं या सगळ्यावर आम्ही घरात खूप बोललो, भांडलो पण, आणि त्यातून जे वाटलं ते आपल्या पेपरातून सगळ्यांपर्यंत जावं म्हणून हे पत्र.

खरं तर पाण्याचा प्रश्न आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच एकदम फुगल्या, निपाणीजवळ यमगर्णीला आणि तिकडं कोल्हापूरला शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद, गोकाक पाण्यात, रामदुर्ग पाण्यात. २०२१ च्या जुलैला परत तेच. एकाच जिल्ह्यात बघा केवढा फरक आहे, खानापूरच्या वर कणकुंबी-जांबोटीला पाऊस थांबत नाही आणि अथणी तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो. पण त्याच अथणी तालुक्यातली नदीकाठची गावं पुरात बुडतात. तिथं पाऊस नसतोच, ऊन पडलेलं असतं, आणि महाबळेश्वर-कोयनेकडं पडलेलं पाणी खाली येऊन शेतात बसतं. त्यामुळं नवीन गावात घर बघणाऱ्यानं "इथं पाऊस किती पडतो" एवढंच विचारून चालत नाही, इथं पाणी येतं कुठून, वर धरण कुठलं, तलाव कुठला, ते भरलं की सोडतात कुठं, हे विचारायला लागतं.

हे ज्ञान आपल्याकडं पुस्तकात नाही, माणसांत आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आमच्या चिकोडी भागातल्या नातेवाइकांकडं शाळेतल्या पोरांना पण पाठ आहे, कारण आज पंचगंगेत जे दिसतं ते पुढं कृष्णेतून खाली आपल्याकडंच येणार. नरसोबावाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की लोक एकीकडं स्नानाला जातात आणि दुसरीकडं मांजरी-यडूरकडचा माणूस जनावरं वरच्या वाड्यावर न्यायची तयारी करतो. देवाचं आणि नदीचं असं एकत्र बांधलेलं आहे आपल्याकडं. सदलग्याच्या माझ्या चुलतसासूबाई मळ्यातल्या विहिरीचं पाणी बघून सांगायच्या, नदी आज वाढणार, आणि घरातली माणसं त्यांचं ऐकायची. आता आपला मुलगा दुसऱ्या राज्यात गेला की हे सगळं मागं राहतं. तिथं पण अशा सासूबाई आहेतच, त्यांना पण त्यांच्या नदीचं सगळं माहीत आहे, पण ते त्यांच्या भाषेत आहे आणि आपण त्यांच्याशी बोलतच नाही. माझं म्हणणं सगळं इथंच येऊन थांबतं. हवामान एका वहीत आणि तिथली माणसं, संस्कृती दुसऱ्या वहीत असं लिहून निर्णय घेता येत नाही, कारण हवामानाची खरी माहिती तिथल्या माणसांकडंच असते.

चेन्नईचंच घ्या. वर्षभराचा पाऊस मोजला तर बेळगाव आणि चेन्नई दोघं साधारण १३००-१४०० मिलिमीटरच्या घरात, म्हणजे कागदावर बघितलं तर वाटेल आपल्यासारखंच आहे, काय घाबरायचं. पण आपला पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत रिपरिप चालतो, आणि तिकडं निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, ते पण समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला की दोन-तीन दिवसांत धो धो. आपली मुलं जॉइन होतात जून-जुलैत, तेव्हा तिथं कडक ऊन, कोरडे रस्ते, ग्राउंड फ्लोअरचं छान घर, भाडं कमी, लगेच ॲडव्हान्स देऊन मोकळे. आणि मग डिसेंबर येतो. डिसेंबर २०१५ ला अड्यार नदीनं काय केलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, चेंबरमबक्कम तलावाचं पाणी सोडलं आणि रात्रीतून वस्त्या भरल्या. २०२३ च्या डिसेंबरला मिचाँग वादळ आलं, ते जमिनीवर आलं आंध्रात बापटलाजवळ, पण चेन्नईला त्याच्या आधीच पावसानं झोडपलं, वेळचेरी, पळ्ळिकरणै, मुडिचूर भागात घरांत पाणी, लाइट नाही, दूध नाही. आयटी कंपन्यांचा मोठा पट्टा त्याच पळ्ळिकरणैच्या दलदलीच्या बाजूनं गेलाय आणि मुलं ऑफिसजवळ घर बघतात, सहाजिकच आहे.

आमची मुलगी आणि जावई चेन्नईत घर बघायला गेले तेव्हा ब्रोकरनं ठासून सांगितलं, इथं कधीच पाणी येत नाही. घर आवडलं होतं. पण मुलगी बेळगावात वाढलेली, बाजारात कन्नड, घरात मराठी, मैत्रिणींत हिंदी, तिला कुणाशीही बोलायला संकोच नाही, ती खाली इस्त्रीवाल्याच्या गाडीजवळ गेली आणि थोडं इंग्लिश थोडे हातवारे करत विचारलं. त्यानं बोलायच्या आधी गेटच्या खांबाकडं हात केला. खांबावर माझ्या मुलीच्या कमरेच्या वर एक मातकट रेघ, त्यावर नंतर रंग मारलेला पण रेघ दिसतेच. शेजारच्या घरातल्या वयस्कर बाई बाहेर आल्या, त्यांनी तर आत नेऊन कपाटाच्या फुगलेल्या प्लायवूडवर हात फिरवून दाखवला, कॉफी दिली, आणि कुठल्या रस्त्यापासून पुढं घर घ्या ते पण सांगितलं. ते घर सोडलं. आता ऑफिसपासून लांब, दुसऱ्या मजल्यावर, भाडं जास्त असं घर घेतलंय आणि मला त्या जास्तीच्या भाड्याचं काही वाटत नाही. त्या अनोळखी बाईंनी जे केलं ते आपल्या इथल्या कुठल्या नातेवाइकानं पण केलं नसतं, कारण त्याला माहीतच नसतं.

आमच्या घरातले थोरले दीर मात्र शेवटपर्यंत बडोदाच म्हणत होते. गायकवाडांचं गाव, मराठी शाळा, गणपती, सगळी आपली माणसं. त्यांचं प्रेम मला कळतं आणि बडोदा मला पण आवडतं. पण ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी शहरात शिरली, घरांच्या आवारात मगरी आल्या, आणि पाणी मराठी घर-गुजराती घर बघून आलं नाही. तंजावरला सतराव्या शतकापासून आपली मराठी घराणी आहेत, इतक्या पिढ्या तिथं राहून पण त्यांनी मराठी ठेवली, ऐकून उर भरून येतो, तरी २०१८ च्या नोव्हेंबरात गाजा वादळानं त्याच जिल्ह्यातल्या नारळाच्या बागा झोपवल्या. म्हणजे आपली माणसं आहेत म्हणून गाव सुरक्षित आहे असं होत नाही. आणि उलट बोलणारे पण भेटतात, की निसर्ग काय कुठंही गाठेल, नशिबात असेल ते होईल, एवढा विचार कशाला. हे मला अजिबात पटत नाही. तळमजला की दुसरा मजला, नाल्याच्या कडेला की उंचावर, हे नशिबावर नाही, हे आपल्या हातात आहे.

उन्हाचं तर आपल्याला वाटतच नाही की हा धोका आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, एप्रिलमध्ये चार दिवस गरम झालं की वळवाचा पाऊस येऊन थंड करून जातो, आपलं अंग त्याला सवकलेलं. हे अंग घेऊन माणूस मे महिन्यात गुजरातला किंवा तेलंगणात गेला आणि वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या भिंतीच्या खोलीत राहिला तर काय होईल? अहमदाबादला मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि खूप माणसं दगावली, त्यानंतर त्या शहरानं २०१३ ला उष्णतेसाठी स्वतंत्र आराखडा केला, देशात पहिल्यांदा. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून पुढं उष्णतेची लाट धरायला सुरुवात करतं पण समुद्रकाठी ३७ पासूनच, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. जोडप्यांबरोबर बऱ्याचदा सासू-सासरे पण जातात नातवंडं सांभाळायला, बीपीच्या गोळ्या चालू असतात, त्यांना विचारतं कोण? माझ्या मते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तिथला मे महिना झेपेल का हा प्रश्न पॅकेजच्या आधी यायला पाहिजे.

हैदराबादला पण ऑक्टोबर २०२० ला एका रात्रीत कॉलन्या बुडाल्या. विशाखापट्टणमला १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ थेट शहरावर आलं. आणि दुसरं राज्य कशाला, आपल्याच राज्यातल्या बेंगळुरूला सप्टेंबर २०२२ ला आउटर रिंग रोडच्या बाजूला लोकांना ट्रॅक्टर आणि बोटीतून काढायला लागलं. म्हणजे सुरक्षित गाव कुठलं आणि धोक्याचं कुठलं अशी यादी करून उपयोग नाही, गावातली कुठली गल्ली हे बघायला लागतं, आणि गल्लीची माहिती गल्लीतलीच माणसं देतात.

आता माणसांबद्दल. संस्कृती म्हटलं की आपण देऊळ, सण, जेवण एवढंच धरतो. ते पण महत्त्वाचं आहेच. आंध्र-तेलंगणात उगादी आपल्या पाडव्याच्याच दिवशी, महिने पण आपल्यासारखेच अमावास्येला संपणारे, त्यामुळं तिथं श्रावण पाळणाऱ्या बाईला काही परकं वाटत नाही, उत्तरेकडं गेलं तर श्रावण पंधरा दिवस आधीच लागतो आणि पहिल्या वर्षी गोंधळ होतो. काही शहरांत सोसायट्या मांसाहार करणाऱ्यांना घर देत नाहीत, आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला सुकट भाजली म्हणून घरमालकानं घर रिकामं करायला सांगितलं, डिपॉझिट अडकलं, बाई रडकुंडीला आली. आवडो न आवडो, तिथली पद्धत आधी विचारून घ्या, पैसे दिल्यावर भांडून काय मिळत नाही. मुलांच्या शाळेचं पण तसंच, कर्नाटकात शाळेत कन्नड शिकवायलाच लागतं असा २०१५ चा कायदा आहे, तसा तमिळनाडूत २००६ चा तमिळसाठी, तेलंगणात २०१८ चा तेलुगूसाठी, महाराष्ट्रात २०२० चा मराठीसाठी. पोरगं पहिलीत असेल तर पटकन शिकतं, सातवी-आठवीत असेल तर त्याला जड जाईल, म्हणून शाळेत स्वतः जाऊन बोला. पण भाषेला घाबरू नका एवढं मी आवर्जून सांगते. सीमाभागातलं पोर तीन-चार भाषा ऐकतच मोठं होतं, ही आपली ताकद आहे, पुण्या-मुंबईच्या पोरांकडं ती नसते.

आणि ती ताकद वापरायची ती याचसाठी, की संकटाचा दिवस आला तर सूचना तिथल्या भाषेत येते. मोबाइलवर अलर्ट येतो, हवामान खात्याचे पिवळा, नारंगी, लाल रंग कळतात, सरकारचं सचेत ॲप आहे, विजेसाठी दामिनी आहे, हे सगळं असावंच. पण रात्री अकरा वाजता रिक्षावर भोंगा लावून माणूस काहीतरी ओरडत जातो, तलावाचं पाणी सोडणार, खालच्या बाजूचे लोक अमक्या शाळेत जा, तेव्हा ते कळायला तमिळच यायला लागतं, नाहीतर कुणीतरी येऊन दार वाजवून सांगायला लागतं. जो माणूस फक्त मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच राहतो त्याला बेळगावच्या सगळ्या बातम्या कळतात आणि शेजारच्या रस्त्यावर पाणी आलंय हे कळत नाही. मराठी मंडळात जा, गणपती बसवा, हळदीकुंकू करा, मला त्याचा आनंदच आहे. पण त्याच बिल्डिंगमधल्या दोन तिथल्या घरांशी डब्याची देवाणघेवाण ठेवा, वॉचमनचा, किराणावाल्याचा नंबर ठेवा, मोडकी का होईना पण त्यांची भाषा बोला. २०१९ ला आमच्या सदलग्याच्या पाहुण्यांना एका कन्नड कुटुंबानं माळ्यावर जागा दिली, म्हशींना वैरण दिली, आठवडाभर भाकरी दिली. त्या घरातल्या आजींना मराठी येत नाही आणि आमच्या चुलतसासूबाईंना कन्नड जेमतेम, तरी वर्षानुवर्षं बांधाला बांध लागून ओळख होती. ती ओळख नसती तर त्यांनी हाक मारली असती का, सांगा.

बाकी कामाच्या गोष्टी पटापट सांगते. जमलं तर तिथला सगळ्यात वाईट महिना कुठला ते विचारून त्या महिन्यात एकदा जाऊन बघा, चेन्नईला नोव्हेंबर, गुजरातला मे. पार्किंग खाली तळघरात असेल तर पाणी उपसायचा पंप आहे का बघा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं भारत गृह रक्षा म्हणून घराचा विमा मिळतो, त्यात पूर-वादळ येतं, भाडेकरूला फक्त सामानापुरता पण घेता येतो, हे आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे. गाडीच्या इंजिनात पाणी गेलं तर साध्या विम्यात सहसा मिळत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यायला लागतं. केए २२ ची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवायची असेल तर तिथं नोंदणी बदलून घ्या. मार्कशीट, आधार, सोनं उंचावरच्या कपाटात ठेवा.

अजून एक. आपल्या बेळगावला पण बाहेरून माणसं येऊ लागलीत, मुंबईतून, गोव्यातून, निवृत्त झालेली, इथली थंड हवा आणि कमी खर्च बघून. त्यांना आपण खरं सांगतो का? बळ्ळारी नाल्याला फुगवटा आला की शहापूर-वडगावच्या शिवारात काय होतं, भातं किती दिवस पाण्याखाली राहतात, जुलैत कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, इथं मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडणार, हे प्लॉट विकताना कोण बोलत नाही. आपल्या शेजारी नवीन बिऱ्हाड येणार असेल तर मग ते मराठी असो, कन्नड असो, केरळचं असो, जाऊन सांगायला पाहिजे की इथपर्यंत पाणी येतं म्हणून. चेन्नईच्या त्या बाईंनी आमच्या मुलीला सांगितलं तसं.

संपादक साहेब, आपल्याला विनंती अशी आहे. पावसाळ्यात आपल्या पेपरात कोयना, आलमट्टी, हिडकल, राकसकोप, राजाराम बंधारा यांच्या पातळ्या रोज येतात आणि आम्ही सकाळी चहाच्या आधी त्याच वाचतो. तशीच एक छोटी चौकट ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईच्या तलावांची आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांची द्यावी, एप्रिल-मे मध्ये हैदराबाद, बडोदा, अहमदाबादच्या तापमानाची द्यावी, कारण या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुलं आज तिथं आहेत. आणि आठवड्यातून एकदा परराज्यात राहणाऱ्या आपल्या वाचकांकडून त्यांच्या भागाची माहिती मागवावी, कुठल्या रस्त्याला पाणी येतं, उन्हाळा कसा काढतात, शेजारी कसे आहेत, शाळेत काय अडचण आली, घर देताना काय अटी घालतात. पहिली माहिती मी पाठवते. मुलीकडून त्या भागातल्या रस्त्यांची नावं आणि खांबावरच्या रेघेचा फोटो मागवून ठेवलाय.

आपली,
एक वाचक,
शहापूर, बेळगाव